होडीचा वाटा

यंदाही होड्या वर ओढल्या, आणि मी माळ्यावरचा थर्माकोलचा खोका खाली काढला. पावसाळी मासेमारीबंदीचे दोन महिने लागले की वरळीच्या आमच्या कोळीवाड्यात सगळं उलटं होतं. जे पाण्यात असायचं ते जमिनीवर येतं, निळं प्लास्टिक पांघरून गल्लीच्या तोंडाशी बसतं. आणि जे पुरुष एरवी घरात सापडत नाहीत ते दिवसभर पायात येतात. जाळी शिवतात, पत्ते कुटतात, चहा मागतात. परळच्या बाजारात माझा मासळीचा ओटा आहे. तिथे या दिवसांत ताजं कमी, बर्फाचं आणि सुकं जास्त. गिऱ्हाईकं बांगड्याचे कल्ले उघडून बघतात आणि तोंड वाकडं करून पुढे जातात. मला मात्र अलीकडे हे दिवस आवडायला लागलेत. खोक्याचं झाकण उघडलं की आत अजून बांगड्याचाच वास येतो, चिंचेच्या पाण्याने कितीदा घासला तरी. तो वास नाकात गेला की पाच वर्षांपूर्वीचे ते दिवस आपसूक समोर येऊन बसतात.

माझ्या नवऱ्याला अख्खा वाडा तांडेल म्हणतो. तांडेल म्हणजे होडीचा कारभारी. वारा कुठला, जाळं कुठे टाकायचं, कधी परतायचं, हे त्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून मीही तांडेलच म्हणते, आधी चेष्टेने, मग सवयीने. इंजिनावरून ओरडायची सवय घरातही सुटली नाही. जेवताना मीठ मागितलं की शेजारची मंगल भिंतीपलीकडून विचारायची, आणून देऊ का. असा माणूस त्या वर्षी शिमग्यानंतर एका सकाळी छातीला हात लावून जाळ्याच्या ढिगावर बसला. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात बायपास झाली, आणि झाली ती उत्तम झाली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, आता दोर ओढायचा नाही, वजन उचलायचं नाही, समुद्रावर जायचं नाही. मी विचारलं, किती दिवस? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. तांडेलने ती मान पाहिली होती.

माणूस बरा झाला, पण जगेना. होडी धाकट्या दिराकडे, रमेशकडे गेली. तो गुणी आहे, दादाच्या हाताखाली वीस वर्षं घासलेला. पण होडी दुसऱ्याच्या हातात गेली ती गेलीच. तांडेल भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मोबाइलवर लोक इंजिनं उघडतात, पेट्या बनवतात, विहिरी खणतात ते बघायचा, आवाज बंद करून. जेव म्हटलं की दोन घास खायचा. आमच्या खिडकीतून बंदर दिसतं, म्हणून खिडकी लावून घ्यायला सांगायचा. एक दिवस एवढंच बोलला की नारळी पुनवेला होडी निघेल तेव्हा मला घरात घाल आणि बाहेरून कडी लाव. मी हसण्यावारी नेलं. नारळी पुनवेला नारळ समुद्राला देऊन होड्या पाण्यात जातात. तीस वर्षं तो नारळ याच्या हातून गेला होता. त्या दिवशी याचं काय होणार, या एका विचाराने त्या मोसमात मला घास गोड लागला नाही. ऑपरेशनमधून वाचवून आणलेला माणूस एका सकाळी, धडधाकट छातीनिशी, माझ्या डोळ्यांदेखत संपेल असं मला वाटत होतं.

अंडी आली ती वटपौर्णिमेच्या दिवशी. मी वडाला दोरा गुंडाळून आले होते. सात जन्म हाच नवरा दे म्हणताना जीभ जरा अडखळली, खोटं कशाला बोलू. एकाच जन्मात नाकी नऊ आले होते. घरी आले तर दारात नणंदेने पाठवलेला डबा. तिला रेवदंड्याला दिली आहे, आणि तिच्या दिराकडे लावा पक्ष्यांची शेड आहे. कापसात गुंडाळलेली चोवीस अंडी, सुपारीपेक्षा जरा मोठी, वर तपकिरी शिंतोडे. दादाला उकडून घाल, ताकद येते, असा निरोप. मला स्वतःला उपास, तरी बाई, नवऱ्यासाठी पातेलं मांडलं. अंडी आत ठेवली आणि पाणी ओतायला तांब्या उचलला.

"थांब," तांडेल म्हणाला.

आवाज जुना होता, इंजिनावरचा. मी तांब्या खाली ठेवला. तो उठून बसला होता. त्याने एक अंडं उचललं, मोबाइलचा दिवा त्याच्या बुडाशी धरला आणि बघत राहिला. मग म्हणाला, माळ्यावरचा खोका काढ. मी म्हटलं, मासळीचा? तो म्हणाला, दुसरा कुठला आहे आपल्याकडे. मला वाटलं, भूल अजून उतरली नाही की काय. पण अडीच महिन्यांत या माणसाने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं, तर नाही कशाला म्हणू. चोविसांतली दोन तडकलेली निघाली. ती तळून त्यालाच घातली.

दुसऱ्या दिवशी त्याने चपला घातल्या. बंदर दिसू नये म्हणून मागच्या गल्लीने गेला, लॅमिंग्टन रोडवरून उष्णता सांभाळायचं यंत्र आणि छोटा पंखा घेऊन आला. खोक्याला भोकं पाडली, चाळीसचा बल्ब बसवला, कोपऱ्यात पाण्याची वाटी, बर्फाच्या जागी जाळी आणि जाळीवर अंडी. मला गंमत वाटली. हा खोका जन्मभर थंडी धरून बसलेला. पण त्याला थंड काय न् गरम काय, आत ठेवलेलं टिकवायचं एवढं ठाऊक. मी तरी अडीच महिने दुसरं काय करत होते.

अंड्यांच्या एका बाजूला त्याने पेन्सिलने फुली मारली, दुसऱ्या बाजूला गोल. दिवसातून चार वेळा उलटायची असं मोबाइलमधला माणूस सांगत होता, सकाळी सहा, दुपारी बारा असं घड्याळ लावून. तांडेलला घड्याळ कशाला. दिवसातून पाणी चार वेळा फिरतं, दोन भरत्या, दोन ओहोट्या. पाणी फिरलं की तो अंडी फिरवायचा. खिडकी बंदच असायची, तरी त्याला कळायचं. रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकायची. मी म्हटलं, अहो, त्या अंड्यांना काय कळणार समुद्राचं. तो म्हणाला, तेंना नाय, मना कलतं. बाजारातून आले की चप्पल काढायच्या आधी खोक्याला कान लावायची माझी सवय तेव्हाची. मंगल विचारायची, तांडेल बरे आहेत का. मी सांगायचे, बरे आहेत, अंडी उबवतायत. बाई तोंडावर पदर धरून आत पळायची.

पंधराव्या दिवशी फिरवणं बंद झालं. आता झाकण उघडायचं नाही, असा हुकूम. मी दोनदा उघडायला गेले आणि दोनदा बोलणी खाल्ली. तिसऱ्यांदा मुद्दाम गेले, कारण त्याच्या बोलण्यात पहिल्यासारखी धार यायला लागली होती आणि मला ती ऐकायची होती. तीस वर्षं ज्या ओरडण्याला कंटाळले, ते कानावर पडावं म्हणून मी त्या आठवड्यात किती खोड्या केल्या ते माझं मला माहीत.

अवसेच्या उधाणाला पिल्लं आली. उधाणालाच येणार, असं तो आधीपासून म्हणत होता. मी म्हणत होते, सतरा दिवस अवसेच्या मागेपुढेच भरतात, त्यात तुमचं काय कौतुक. भर दुपारी भरती लागलेली, धक्क्यावर लाटांचा आवाज, आणि खोक्यातून टकटक. झाकणाला त्याने काचेचा तुकडा बसवला होता. आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून त्यातून बघत बसलो. एका अंड्याला चीर गेली, ती गोल फिरत गेली, टोपी उघडावी तसं बूड उघडलं आणि ओलं, काळपट काहीतरी बाहेर पडून धापा टाकायला लागलं. मला तर मेलंच वाटलं. मी हात घालणार तोच त्याने मनगट धरलं. जो स्वतः बाहेर येतो त्यालाच बळ येतं, म्हणाला. हे त्याला मोबाइलने शिकवलं की आणखी कोणी, मी विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत तेरा झाली. सुकली तशी फुलली, पिवळी, पाठीवर तपकिरी पट्टे, अंगठ्याच्या पेराएवढी. पायांवर उभी राहायची आणि पुढच्या क्षणी पडायची.

एकाचे पाय फाकत होते. तांडेलने पट्टीची बारीक चिंधी कापली आणि दोन्ही पायांना मधे अंतर ठेवून बांधली, जाळ्याच्या गाठीने. ऑपरेशनपासून त्याची बोटं थरथरायची, चहाची बशी वाजायची. ती गाठ मारताना बोट हललं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि जरा रडून घेतलं. बायकांना नळाचा एवढा उपयोग आहे.

आणि मग चौथ्या दिवशी मी माती खाल्ली. तांडेलला तपासणीसाठी हॉस्पिटलात जायचं होतं, रमेश घेऊन गेला. पिल्लं पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली गोणपाट, वर बल्ब. पाण्यासाठी तांडेलने बाटलीचं झाकण ठेवलं होतं आणि त्यात खडे भरले होते. खड्यांच्या फटींतून चोच बुडेल एवढंच पाणी. जाताना बजावून गेला, पाण्याला हात लावू नको. मी बाजारातून लवकर आले. पाहते तर पिल्लं चोची उघडून धापा टाकतायत. दुपारचा उकाडा, वर बल्ब. माझा जीव कळवळला. म्हटलं, काय हा माणूस, तेरा जिवांना झाकणभर पाणी, तेही दगडांत. मी झाकण काढलं आणि स्टीलची ताटली भरून ठेवली. एवढ्यावर थांबायचं ना. पण माझा हात. तीस वर्षं ओट्यावर बसून या हाताला एकच ठाऊक: माल मलूल दिसला की पाणी शिंपड. बोलता बोलता, भाव सांगता सांगता तांब्यात बोटं बुडतात आणि पाणी मारलं जातं, त्याला डोकं लागत नाही. मी तांब्यात बोटं बुडवली आणि पिल्लांवर पाणी मारलं. दोनदा, तीनदा. चांगलं करतेय असं वाटून मारलं. त्या दिवशी थांब म्हणायला घरात कोणी नव्हतं.

भात लावून आले तर खोक्यात आवाज कमी. तीन पिल्लं ताटलीत होती. बोट आडवं धरलं तर बुडणार नाही एवढ्याशा पाण्यात. एक ताटलीच्या बाहेर, ओलं, पाय ताठ. बाकीची नऊ भिजून एका कोपऱ्यात गोळा होऊन थरथरत होती. कोळ्याच्या घरात पाण्याने पिल्लं मेली. मी त्यांना लुंगीच्या फडक्यात घेऊन पुसत राहिले, आणि माझ्या डोक्यात पिल्लं नव्हतीच, तांडेल होता. अडीच महिन्यांनी भिंतीकडून इकडे वळलेला माणूस आता पुन्हा वळेल आणि या वेळी मीच त्याला वळवलेला असेन. नारळी पुनवेला सहा आठवडेही राहिले नव्हते.

तो आला. दारातच त्याला कळलं, माझ्या तोंडावरून की आवाजावरून, देव जाणे. खोक्यात पाहिलं, ताटली पाहिली, तांब्या पाहिला. मी वाट बघत होते की आता घर डोक्यावर घेईल. नाही ओरडला. सदरा काढला, भिंतीला टेकून खाली बसला, आणि ती नऊ पिल्लं एकेक करून बनियनच्या आत, छातीवर ठेवली, जिथून त्याला कापलं होतं तिथे. वरून टॉवेल घेतला. मग हात तसेच धरून दिवेलागणीपर्यंत हलला नाही. मी शेवटी म्हटलं, बोला काहीतरी, शिव्या द्या. तो म्हणाला, हळू बोल, झोपलीत. टॉवेलखालून बारीक चिवचिव यायला लागली तेव्हा त्याने डोळे मिटले. नऊच्या नऊ वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीच्या वेळी त्याने ती चार मेलेली केळीच्या पानात घेतली आणि पुढच्या गल्लीने, होड्यांच्या मधून, बंदरावर गेला. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. मी मागून चालत होते, अपराध्यासारखी. पाण्याच्या कडेला वाकून त्याने पान सोडलं. उतरत्या पाण्याबरोबर ते हळूहळू आत गेलं. मी म्हटलं, माझ्या हाताने झालं. तेव्हा तो बोलला, समुद्राकडे बघूनच.

"चूक तुझी नाय गो. आपल्याला पानी म्हंजे पोट. तेंना ते ठाव नव्हतं." मग पान दिसेनासं झाल्यावर म्हणाला, "मना वाटलेलं, पान्याबिगर मी काय जगत नाय. जगलोच ना."

परत येताना तो रमेशच्या होडीपाशी थांबला. निळं प्लास्टिक एका बाजूने उडालं होतं, ते नीट खोचलं. घरी आल्यावर खिडकी उघडली. मी त्या पिल्लांचे उपकार मानते. नऊ जगली त्यांचे मानतेच, पण चार गेली त्यांचे जरा जास्त. माझ्या हातून मेलेल्यांचे आभार मानायचे, हे तोंडाने म्हणायलाही चमत्कारिक वाटतं. पण ती चार नसती तर तो बंदरावर गेला नसता, आणि मला ते वाक्य कधी ऐकू आलं नसतं. आजही बाजारात हात तांब्याकडे गेला की एक क्षण तसाच राहतो. गिऱ्हाईक विचारतं, काय झालं मावशी. काही नाही, म्हणते, आणि पाणी मारते.

पिल्लं वाढली ती डोळ्यांसमोर. तिसऱ्या आठवड्यात पंख, महिन्याभरात मोठी. नर कोणते ते ओरडण्यावरून कळलं. मंगल म्हणाली, एक तांडेल कमी होता की काय. फाकलेल्या पायांचं बांधलेलं पिल्लू चिंधी सोडल्यावर इतरांपेक्षा जोरात पळायचं. गॅलरीत त्याने त्यांना पिंजरा केला, जुन्या जाळ्याचा. आणि श्रावण लागला तसा माझा जीव पुन्हा वरखाली व्हायला लागला.

नारळी पुनवेच्या सकाळी मी उठले तर हा आंघोळ करून, टोपी घालून पिंजऱ्यापाशी बसलेला. हातात एक अंडं. लाव्यांचं पहिलं. मला न दाखवता रुमालात गुंडाळलं आणि म्हणाला, चल. बंदरावर ढोल वाजत होते, बायका नटलेल्या, होड्या सजलेल्या. सगळ्यांनी त्याला वाट करून दिली, आणि ढोलही थांबले, कारण सगळ्यांच्या मनात तीच भीती होती जी माझ्या मनात. रमेशने नारळ पुढे केला, दादा तूच सोड म्हणाला. तांडेलने नारळाला हात लावला, डोक्याला लावला आणि परत त्याच्या हातात दिला. मग गुडघाभर पाण्यात उतरून रुमाल सोडला आणि ते अंडं होडीच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकवाच्या बाजूला, तांदळांच्या वाटीत ठेवलं.

"हे काय, दादा?" रमेशने विचारलं.

"होडीचा वाटा."

आमच्यात मासळी वाटतात तेव्हा खलाशांचे वाटे पडतात, जाळ्याचा पडतो आणि होडीचा वेगळा पडतो. होडीचा चुकवायचा नाही, ती पोसते म्हणून. तांडेलकडे आता मासळी नव्हती. जे पिकलं त्यातला वाटा त्याने दिला. रमेश दादाच्या पाया पडला, दोघांचेही डोळे बघण्यासारखे होते. होडी निघाली. मी त्याच्या दंडाला धरून उभी होते, पडेल या भीतीने. तो पडला नाही. होडी वळेपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, चल, पिल्लांचं दाणापाणी व्हायचंय. सहा आठवड्यांच्या लाव्यांना तो अजून पिल्लंच म्हणत होता. त्या अंड्याचं पुढे काय झालं असं मी रमेशला नंतर विचारलं. एका खलाशाने चहाच्या किटलीत उकडून खाल्लं होतं. तांडेल हे ऐकून इतका हसला की मला छातीची काळजी वाटली.

तेव्हापासून दर बंदीला खोका खाली येतो. रेवदंड्याहून डबा येतो, पेन्सिलीने फुल्या पडतात, पाणी फिरलं की अंडी फिरतात, आणि नारळी पुनवेला पहिलं अंडं होडीला जातं. झाकणात खडे मीच भरते. आत्ता मी हे लिहितेय तेव्हाही मागे बल्ब पेटलेला आहे आणि तांडेल मला विचारतोय, ओहोटी लागली, तू काय बसलीस लिहीत.

गेल्या नारळी पुनवेचं सांगायचं राहिलं. नव्या लाव्यांनी त्या वर्षी अंडं घालायला उशीर केला होता. नारळ सोडून झाला, ढोल थांबले, इंजिनं सुरू झाली, बाकीच्या होड्या निघाल्याही, आणि आमचा तांडेल अंड्याची वाट बघत पिंजऱ्यापुढे मांडी घालून बसलेला. पाणी उतरायला लागलं होतं. पाणी उतरलं की होडी गाळात बसते, हे कोळ्याच्या घरात कोणाला सांगावं लागत नाही. रमेशने खालून हाक मारली, "दादा, पानी चाललं."

तांडेलने गॅलरीतून डोकं बाहेर काढलं.

"थांब," तो म्हणाला.

रमेशने इंजिन बंद केलं, आणि होडी थांबली.